तोंडाला कोरड पाडणारी औषधं

डोळ्यांच्या तपासणीआधी डॉक्टर थेंब घालतात आणि जरा वेळ डोळे मिटून बसायला सांगतात. मग बाहुल्या मोठ्या होतात, उजेड टोचू लागतो आणि हातातल्या कागदावरची अक्षरं पुसट होतात. या थेंबांत बहुधा ट्रॉपिकामाइड असतं. ते अँटिकोलिनर्जिक औषध, म्हणजे अॅसिटिलकोलीन या रसायनाचं काम अडवणारं.

बाहुली बारीक करणाऱ्या स्नायूला मज्जातंतूचा निरोप हेच रसायन पोचवतं. मज्जातंतू असा रसायनातून बोलतो, हे शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं. व्हेगस मज्जातंतूला उत्तेजन दिल्यावर हृदयाचे ठोके मंदावले; त्या हृदयातलं द्रव दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं! हा निरोप पेशीवर जिथे उतरतो ती जागा औषध आधीच अडवून बसतं. निरोप्या येतो आणि तसाच परत जातो.

अशा जागा लाळग्रंथी, आतडी, मूत्राशय, श्वासनलिका, हृदय, घामाच्या ग्रंथी आणि मेंदूतही आहेत. म्हणून दम लागणाऱ्याला टायोट्रोपियमचा इनहेलर, वारंवार लघवीला धावावं लागणाऱ्याला ऑक्सिब्युटिनिन, पोटात मुरडा आला की डायसायक्लोमिन. कीटकनाशकाच्या विषबाधेत तर अॅट्रोपिन जीव वाचवतं. ऑर्गनोफॉस्फेट विषामुळे अॅसिटिलकोलीन मोडणारं विकर बंद पडतं, हे रसायन साचत जातं, तोंडाला फेस येतो, फुप्फुसं स्रावांनी भरतात. छातीतली घरघर थांबेपर्यंत डॉक्टर अॅट्रोपिन पुन्हापुन्हा देत राहतात.

पोटात घेतलेली गोळी मात्र एका अवयवापुरती थांबत नाही. मूत्राशयासाठी घेतली तरी तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, घाम कमी येऊन उन्हाचा त्रास वाढतो. प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी अडू शकते. काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब अचानक चढतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती म्हाताऱ्या माणसांची. सर्दीची क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी अॅमिट्रिप्टिलिन, शिवाय लघवीची गोळी. तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या, आणि तिन्ही तीच जागा अडवणाऱ्या. आजी एकाएकी असंबद्ध बोलू लागतात, दिवस-रात्र विसरतात, आणि घरचे म्हणतात, वयच झालं आता. अशा वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या, सर्दीच्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. आपल्या मनाने बंद करू नका. कारण गोळीच असेल, तर ती कमी केल्यावर हा गोंधळ बऱ्याचदा ओसरतो.