खाणपट्ट्याचे क्षेत्र आणि क्लस्टरचे क्षेत्र

दगडखाणीच्या अर्जात ‘क्षेत्र : 4.80 हेक्टर’ एवढे वाचून पुष्कळजण पान उलटतात. पाच हेक्टरच्या आतले प्रकरण आहे, तेव्हा जनसुनावणी नको आणि पर्यावरण आघात मूल्यांकन अहवालही नको, असा त्यांचा समज असतो. हा समज मी कार्यालयीन टिपणीत वाचला आहे, ग्रामस्थांच्या हरकतीत वाचला आहे, आणि फी घेऊन अर्ज तयार करणाऱ्या सल्लागारांकडूनही ऐकला आहे. दोन वेगळी क्षेत्रे एकच मानल्यामुळे हा घोळ होतो.

पहिले क्षेत्र, म्हणजे खाणपट्ट्याचे (खाणकामासाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या जमिनीचे), वाचकांच्या ओळखीचे आहे. गट नंबर, सातबारा, मोजणीचा नकाशा, हद्दीचे खांब, आणि त्या हद्दीच्या आतून निघणाऱ्या डबराच्या प्रत्येक ब्रासवर भरायचे स्वामित्वधन. पट्टेदाराचा हक्क आणि दायित्व येथपर्यंतच असते.

दुसरे क्षेत्र, म्हणजे क्लस्टरचे (जवळजवळच्या पट्ट्यांच्या समूहाचे), सातबाऱ्यावर सापडत नाही. केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, एकाच प्रकारच्या खनिजाच्या परिसरात दोन पट्ट्यांच्या कडांमधील अंतर 500 मीटरपेक्षा कमी असेल तर ते पट्टे एका क्लस्टरमध्ये मोडतात, मग मालक वेगळे असोत, मधून रस्ता गेलेला असो की नुसता बांध असो. म्हणजे 4.80 हेक्टरच्या उत्तरेला 260 मीटरवर दुसऱ्या कोणाचा 3.10 हेक्टरचा नवा पट्टा असेल तर पर्यावरण मंजुरीसाठी विचारात घ्यायचा आकडा 7.90 हेक्टर होतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2018 च्या आदेशानंतर पाच हेक्टरवरील क्लस्टरला आघात मूल्यांकन आणि जनसुनावणी दोन्ही लागतात. ‘पण माझा पट्टा तर लहान आहे’ हे उत्तर येथे गैरलागू ठरते.

हा नियम उगाच आलेला नाही. हरियाणात दगडगोटे, खडी आणि वाळूच्या खाणींचे लिलाव प्रत्येकी 4.5 हेक्टरच्या मर्यादेत काढले गेले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2012 मध्ये पाच हेक्टरखालील गौण खनिजाच्या (दगड, खडी, वाळू यांसारख्या) पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, कारण तुकडे पाडले म्हणून डोंगराला होणारी इजा कमी होत नाही. त्यामुळे 4.90 किंवा 4.95 असा आकडा दिसला की मी आधी शेजारचे गट तपासतो, आणि तसे करण्यात मला काही गैर वाटत नाही.

माझा खरा राग आहे तो उपग्रह नकाशावर पट्ट्याच्या मध्यबिंदूपासून वर्तुळ काढून ‘500 मीटरच्या आत अन्य खाण नाही’ असे लिहून देण्यावर. नियम कडेपासून कडेपर्यंतचे अंतर सांगतो. 4.80 हेक्टरचा चौरस पट्टा सुमारे 219 मीटर लांबीचा असतो. असे दोन पट्टे समोरासमोर असतील आणि त्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतर 700 मीटर भरत असेल, तर कडांमधील अंतर 481 मीटरच उरते. वर्तुळ स्वच्छ दिसते आणि क्लस्टर मात्र तयार झालेला असतो. (सुरुंगाच्या धोक्याच्या क्षेत्रासाठीही 500 मीटरचा आकडा ऐकू येतो. त्याचा या मोजणीशी संबंध नाही.)

बेरजेतून काही पट्टे वगळले जातात, हेही खरे आहे. 9 सप्टेंबर 2013 पूर्वी दिलेले, तीन वर्षे वा अधिक काळ बंद असलेले, आणि 15 जानेवारी 2016 रोजी ज्यांच्याकडे पर्यावरण मंजुरी होती असे पट्टे क्लस्टरच्या क्षेत्रात धरत नाहीत. सल्लागार ही सवलत तत्परतेने सांगतात, पण त्याच तरतुदीचा पुढचा भाग गाळतात. बंद असलेले आणि आधी मंजुरी मिळालेले पट्टे बेरजेत नसले तरी पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात त्यांचा समावेश करावाच लागतो. जुन्या खाणीचे डंपर त्याच गाडीवाटेने जात असतील आणि आराखड्यात रस्त्यावर पाणी मारण्याचा हिशेब केवळ नव्या खाणीच्या फेऱ्यांवर मांडला असेल, तर असा अर्ज मी त्रुटी काढून परत पाठवतो.