जुन्या इंधन डेपोखालची जमीन

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात एखादा जुना इंधन डेपो बंद झाला की टाक्या कापून भंगारात जातात, जमीन सपाट केली जाते आणि प्लॉट मोकळा झाला असे मानले जाते. मात्र गंजलेल्या तळपत्र्यांतून, पाइपांच्या सांध्यांतून आणि टँकर भरताना सांडून वर्षानुवर्षे मुरलेले पेट्रोल व डिझेल टाक्यांबरोबर निघून जात नाही.

हे तेल मातीतून खाली उतरते आणि पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे भूजलाच्या पातळीपाशी थांबून आडवे पसरते. आपल्याकडे ही पातळी स्थिर नसते. डोंगराच्या बाजूला मातीचा पातळ थर, त्याखाली मुरूम आणि मग भेगाळलेला बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ, अशी रचना आहे. तिथले भूजल जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीच्या अगदी जवळ येते आणि मे अखेरीस काही मीटर खाली जाते. तेल या पातळीबरोबर दरवर्षी वर-खाली होते आणि प्रत्येक फेरीत त्यातले थोडे मुरमाच्या बारीक पोकळ्यांत अडकून राहते, त्यामुळे मूळचा पातळ थर मोडून काही मीटर जाडीचा पट्टाच्या पट्टा माखला जातो. पावसाळ्यात अडकलेले तेल पाण्याखाली बुडते आणि तपासणीच्या बोअरमध्ये अनेकदा जवळजवळ दिसेनासे होते. उन्हाळ्यात पातळी उतरली की तेच तेल पुन्हा बोअरमध्ये गोळा होते. म्हणून केवळ सप्टेंबरमध्ये घेतलेल्या नमुन्यांवर जागा स्वच्छ ठरवणारा अहवाल माझ्या मते अर्धवट आहे.

तेलातला सर्वांत काळजीचा घटक म्हणजे बेंझिन. त्याच्यामुळे कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. ते पाण्यात विरघळून डेपोच्या कुंपणापलीकडे वाहत जाते, शिवाय त्याची वाफ वर येऊन नव्या इमारतीच्या तळघरात साचू शकते. आजच्या भारतीय पेट्रोलमध्ये बेंझिन 1 टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, पण जुन्या डेपोखाली मुरलेले पेट्रोल जुन्या काळचे असते. देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 2000 साली थांबली, त्यामुळे त्याआधीच्या जागांवर शिशाचीही वेगळी तपासणी करावी लागते. शिसे कोणताही जिवाणू नाहीसे करू शकत नाही.

पोकलेन लावून माती उचलणे हा सर्वांना सुचणारा उपाय आहे. टाकीच्या तळाशी चिंब झालेल्या मातीसाठी तो योग्यही आहे, परंतु भेगाळलेल्या कातळात पोकलेनचा उपयोग नाही, आणि डंपरने माती दुसरीकडे नेऊन टाकली तर प्रदूषण फक्त तिकडे जाते. तरंगणारे तेल पंपाने उपसता येते. अडकलेले तेल मात्र पंपाने हलत नाही. पेट्रोलसाठी बोअरमधून जमिनीतली हवा ओढून घेतात, तिच्यातली वाफ सक्रिय कोळशाच्या गाळणीत अडकवतात. ठाण्याच्या पावसात हे बोअर पाण्याने भरतात, म्हणून या कामाचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मे असतो.

डिझेलचे सहजी बाष्प होत नाही. ते मातीतल्या जिवाणूंनीच खावे लागते, आणि असे जिवाणू बहुतेक तेलकट जमिनींत आधीच असतात. टेरी या संशोधन संस्थेचे ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचे मिश्रण तेलकट गाळासाठी वापरले जाते, पण जमिनीखाली सहसा जिवाणू नव्हे, तर प्राणवायू कमी पडतो. 1 ग्रॅम बेंझिन पूर्ण विघटित व्हायला सुमारे 3 ग्रॅम प्राणवायू लागतो, तर लिटरभर पाण्यात तो जेमतेम 8 मिलिग्रॅम मावतो. लिटरभर हवेत याच्या तीसपटीहून अधिक प्राणवायू असतो. त्यामुळे भूजलाच्या वरच्या कोरड्या मुरमात हलक्या दाबाने हवा सोडत राहणे हा डिझेलवरचा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपचार ठरतो.

खाडीच्या बाजूला भराव आणि चिकट चिखल असल्यामुळे हवा आत शिरत नाही. तिथे एक वेगळीच मदत मिळते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असते आणि प्राणवायू संपल्यावर काही जिवाणू या सल्फेटच्या आधारे बेंझिनही मोडतात. कागदावरच्या हिशेबाने लिटरभर समुद्राचे पाणी लिटरभर प्राणवायूयुक्त गोड्या पाण्यापेक्षा सुमारे दोनशेपट बेंझिन हाताळू शकते. मात्र ही क्रिया फार संथ असते आणि तिच्यातून कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. ठाणे खाडी 2022 पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, त्यामुळे तेल तिथवर पोहोचू देऊन निसर्गावर सोपवणे समर्थनीय नाही.

निसर्गाचा वेग किती असतो याचा अंदाज अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात येतो. तिथे बेमिजी गावाजवळ 1979 साली कच्च्या तेलाची वाहिनी फुटली. शक्य तेवढे तेल उपसल्यानंतरही सुमारे 4 लाख लिटर जमिनीत राहिले, आणि 1983 पासून तिथे शास्त्रज्ञ त्याचे विघटन मोजत आहेत. काही दशकांनंतरही ते तेल पूर्णपणे संपलेले नाही.

भारतात प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम 2025 मध्ये अधिसूचित झाले. नवी मुंबईतल्या अशा जुन्या जागेवर घर घेणाऱ्याने विकासकाकडे मे महिन्यातले भूजलाचे आणि जमिनीतल्या हवेचे, असे दोन्ही अहवाल मागावेत. त्यातही पंप आणि हवा सोडणारे-ओढणारे ब्लोअर बंद केल्यानंतर किमान एक पावसाळा उलटून घेतलेले नमुने असल्याची खात्री करावी, कारण यंत्रे चालू असताना खाली गेलेले आकडे ती थांबल्यावर पुन्हा वर चढलेले अनेक ठिकाणी आढळले आहे.