परदेशी निघालेले मिशनरी कुटुंब : तयारीमागचा इतिहास

परदेशात सेवाकार्यासाठी जाऊ पाहणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबाची तयारी आज बरेच महिने चालते. देवाचे पाचारण झाले आहे एवढे म्हणून भागत नाही. पाठवणारी संस्था पती-पत्नी दोघांच्याही मुलाखती घेते, प्रकृतीबरोबर मनाचीही तपासणी करवते, भाषेच्या वर्गाला बसवते आणि मुलांच्या शाळेचे काय ठरले आहे ते विचारते. दरम्यान कुटुंब मंडळ्यामंडळ्यांतून, म्हणजे गावोगावच्या चर्चच्या सभासदांमध्ये, फिरून आपल्या कार्याची माहिती देते आणि आर्थिक पाठबळ गोळा करते. यातील बहुतेक कलमांमागे कधीकाळी कोणत्या तरी कुटुंबाने सोसलेली हानी आहे. मिशनकार्याच्या आरंभीच्या काळात तयारी होत असे ती पुरुषाची. बायको आणि मुले त्याच्याबरोबर जात, पण त्यांच्या तयारीचा विचार कोणी वेगळा करीत नसे.

इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांचे उदाहरण या संदर्भात प्रथम आठवते. मराठी वाचकांना ते १८०५ सालच्या मराठी व्याकरणामुळे आणि १८१० सालच्या मराठी-इंग्रजी कोशामुळे परिचित आहेत, परंतु त्यांच्या घराची कहाणी त्या मानाने कमी सांगितली जाते. १७९३ मध्ये त्यांनी बंगालला जाण्याचे ठरवले तेव्हा पत्नी डोरोथी दिवस गेलेली होती आणि तिने येण्यास साफ नकार दिला. केरी थोरल्या मुलाला घेऊन निघालेही. पण ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसल्याने त्यांना जहाजावरून उतरावे लागले. या अवधीत डोरोथी बाळंत झाली होती. पुन्हा विनवणी झाल्यावर आपली बहीण बरोबर येणार असेल तरच येईन, या अटीवर ती तयार झाली आणि जून १७९३ मध्ये तान्ह्या मुलासह एका डॅनिश जहाजावर चढली. पुढच्याच वर्षी तिचा पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला. त्यानंतर डोरोथीच्या मनाचा तोल ढळला आणि १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो सावरला नाही. त्याच घरात केरींचे भाषांतराचे आणि कोशाचे काम अखंड चालू होते. केरींच्या चरित्रात हा भाग बहुधा त्यांच्या सहनशीलतेचा दाखला म्हणून येतो; तो डोरोथीच्या बाजूने वाचला, तर संमती नावापुरती घेतली की काय होते याचा तो दाखला ठरतो.

अमेरिकेतून परदेशी मिशनरी पाठवण्याचा आरंभ झाला त्याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. १८०६ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी पावसात गवताच्या गंजीच्या आडोशाला प्रार्थना करून परदेशी सेवेचा निश्चय केला, आणि पुढे १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था उभी राहिली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्याच सेलम येथील चर्चमध्ये अ‍ॅडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूवेल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस या पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. त्यांनी सेमिनरीत धर्मशास्त्राचा अभ्यास केला होता आणि हॉल व न्यूवेल यांनी फिलाडेल्फियात थोडेफार वैद्यकही शिकून घेतले होते, म्हणजे त्या काळाच्या मानाने त्यांची तयारी बरी होती.

त्यांच्या बायकांच्या तयारीच्या तारखा मात्र पाहण्यासारख्या आहेत. अ‍ॅन हॅसेल्टाइन हिचा जडसन यांच्याशी विवाह ५ फेब्रुवारीला, म्हणजे दीक्षेच्या आदल्या दिवशी झाला. हॅरिएट अ‍ॅटवूड आणि न्यूवेल यांचा विवाह ९ तारखेला झाला आणि १९ तारखेला दोन्ही जोडपी ‘कॅराव्हान’ जहाजाने सेलमहून कलकत्त्याकडे निघाली. हॅरिएट तेव्हा अठरा वर्षांची होती. पूर्वतयारी म्हणायची तर अ‍ॅनच्या बाबतीत एक पत्र होते. जडसन यांनी तिच्या वडिलांना लिहून विचारले होते की, मुलगी या जगात पुन्हा दृष्टीस पडणार नाही, समुद्राचे धोके, उष्ण हवामान, हालअपेष्टा आणि कदाचित हिंसक मृत्यूही तिच्या वाट्याला येईल, हे सारे जाणून ते तिला निरोप देण्यास राजी आहेत का. मागणी घालण्याची ही रीत आजच्या वाचकाला विलक्षण वाटेल. तरी त्यात लपवाछपवी नव्हती आणि शेवटचा निर्णय अ‍ॅननेच घेतला होता, हे नमूद केले पाहिजे. निरोपाच्या उपदेशात या तरुणींना त्यांचे कामही नेमून देण्यात आले : ज्या स्त्रियांपर्यंत तुमच्या पतींना पोहोचता येणार नाही, त्यांना तुम्ही शिकवा.

कलकत्त्यात पोहोचताच कंपनी सरकारने या सर्वांना परत जाण्याचा हुकूम दिला. जडसन दांपत्य आणि राइस बॅप्टिस्ट (प्रौढपणीच बाप्तिस्मा द्यावा असे मानणाऱ्या) पंथात गेले व जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. न्यूवेल दांपत्याने मॉरिशसची वाट धरली. वाटेत जहाजावरच हॅरिएटला मुलगी झाली आणि काही दिवसांतच ती दगावली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटनेही मॉरिशसला देह ठेवला. आपल्या कार्याचा एक दिवसही तिला लाभला नव्हता. तिच्या रोजनिशीचे आणि पत्रांचे पुस्तक अमेरिकेत घरोघर वाचले गेले आणि ते वाचून कित्येक मुली मिशनरी होण्यास पुढे आल्या, हे विपरीत वाटले तरी खरे आहे.

हॉल आणि नॉट दांपत्य ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले आणि इथेच अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. प्रकृतीमुळे नॉट यांना दोन-अडीच वर्षांत परतावे लागले. न्यूवेल १८१४ मध्ये मुंबईत आले आणि १८२१ मध्ये पटकीने वारले. हॉल यांनी मराठी शिकून बायबलच्या नव्या कराराच्या भाषांतरात मोठा वाटा उचलला. मुलांची प्रकृती सुधारावी म्हणून त्यांची पत्नी १८२५ मध्ये दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली, पण त्यांतील एक प्रवासातच गेला. नाशिक भागातल्या दौऱ्यात पटकीने हॉल यांचा २० मार्च १८२६ रोजी मृत्यू झाला, तेव्हा घरचे कोणी जवळ नव्हते.

अशा बातम्या येऊ लागल्यावर, मिशनरीने लग्न करून जावे की एकट्याने, यावर पाठवणाऱ्या संस्थांमध्ये खल सुरू झाला. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन यांनी १८३६ मध्ये यावर निबंध लिहून विवाहित मिशनरीची बाजू घेतली. एकटा पुरुष धीर सोडतो आणि ख्रिस्ती घर कसे असते ते लोकांना दाखवू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. स्वित्झर्लंडच्या बासेल मिशनने उलट मार्ग धरला. त्यांचा माणूस एकटा जाई, काही वर्षे काम करून दाखवी, मग लग्नाची परवानगी मागे आणि समितीने पसंत केलेली वधू युरोपातून जहाजाने पाठवली जाई. वराला न पाहता निघालेल्या या मुलींविषयी कुतूहल वाटावे, पण ठरवून होणाऱ्या लग्नांची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना धक्का बसण्याचे कारण नाही.

स्त्रीची तयारी तिच्या स्वतःच्या नावाने होऊ लागली ती अविवाहित शिक्षिकांपासून. सिंथिया फरार १८२७ मध्ये अमेरिकन बोर्डाकडून मुंबईत आल्या. अध्यापनाचा अनुभव हीच त्यांची पात्रता मानली गेली होती. पुढे अहमदनगरला त्यांनी चालवलेली मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली आणि त्यातून त्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली. मराठी मुलखाच्या दृष्टीने हा या इतिहासातला सर्वांत फलदायी धागा म्हणावा लागेल.

मुलांचा प्रश्न सर्वांत उशिरा हाती घेतला गेला आणि तोच सर्वांत अवघड ठरला. हिंदुस्थानच्या हवेत मुले जगत नाहीत आणि जगली तरी शिक्षणाची सोय नाही, अशा समजुतीने ती सहा-सात वर्षांची झाली की मायदेशी नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात ठेवली जात. इंग्लंडमध्ये मिशनऱ्यांच्या मुलींसाठी १८३८ मध्ये आणि मुलांसाठी १८४२ मध्ये वेगळ्या शाळा निघाल्या. बासेलनेही १८५० नंतर बालगृह उघडले. तलश्शेरीत जन्मलेली मारी गुंडर्ट ही अशीच लहानपणी युरोपात ठेवलेली मुलगी. तिचा मुलगा म्हणजे कादंबरीकार हेरमान हेसे. पुढे मसुरीजवळच्या लंढौर आणि कोडाईकनाल येथील शाळांमुळे मुले निदान आईबाप काम करीत त्याच देशात राहू लागली.

ह्यूम घराण्याच्या इतिहासात हे सारे एकवटले आहे. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि त्यांची पत्नी हॅना १८३९ मध्ये मुंबईत आले. १८५४ मध्ये आजारी अवस्थेत मायदेशी परतताना रॉबर्ट यांना समुद्रावरच मृत्यू आला आणि हॅनाने मुलांना अमेरिकेत एकटीने वाढवले. त्यांपैकी भायखळ्याला जन्मलेले रॉबर्ट अ‍ॅलन येल विद्यापीठात शिकून १८७४ मध्ये अहमदनगरला परत आले. त्यांची पहिली पत्नी बर्जेस घराण्यातली आणि दुसरी फेअरबँक घराण्यातली, म्हणजे दोघीही मिशनऱ्यांच्या मुली. धाकटे एडवर्ड मुंबईत आले. एडवर्ड यांचे मुंबईत जन्मलेले पुत्र रॉबर्ट अर्नेस्ट यांनी पुढे उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले. या मंडळींना भाषेच्या वर्गाची तेवढी गरज नव्हती. मराठी त्यांच्या कानावर पाळण्यातच पडली होती. त्यांना परके झालेले, आणि प्रयत्नाने शिकावे लागलेले, ते अमेरिकेतले न्यू इंग्लंड.

१९१० च्या एडिंबरा येथील जागतिक मिशनरी परिषदेने मिशनऱ्यांच्या पूर्वतयारीवर एक स्वतंत्र आयोग नेमला, आणि त्यानंतर तयारी हे रीतसर शिक्षणशास्त्र बनले. याच सुमारास भारतीय मंडळ्याही पाठवणाऱ्यांच्या बाजूला आल्या : तिरुनेलवेलीची भारतीय मिशनरी संस्था १९०३ मध्ये आणि राष्ट्रीय मिशनरी संस्था १९०५ मध्ये स्थापन झाली. त्यांची माणसे आधी देशातल्याच परक्या भाषेच्या प्रांतांत गेली. तमिळ कुटुंबाला तेलुगू मुलखात घर मांडतानाही भाषा, हवापाणी आणि मुलांची शाळा हेच प्रश्न पडत.

मुलांच्या मनात काय चालते याला नाव मिळण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले. १९५० च्या दशकात रूथ आणि जॉन युसीम हे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ दांपत्य आपल्या मुलांसह भारतात राहून इथल्या अमेरिकन लोकांचा अभ्यास करीत होते. आईबापांच्या आणि यजमान देशाच्या संस्कृतींमध्ये वाढलेल्या, पण पुरत्या कोणत्याच एकीच्या न झालेल्या मुलांना रूथ यांनी ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ म्हटले. हा शब्दप्रयोग आज परदेशी निघणाऱ्या कुटुंबांच्या तयारीवर्गांत सर्रास वापरला जातो, आणि अनेक संस्था आता मुलांसाठीही वेगळे वर्ग घेतात.