मोपेड आणि जेट: एकाच चेहऱ्याचे दोन शाहेद

युक्रेनच्या बातम्यांत ते त्रिकोणी ड्रोन दिसलं की निवेदक सरसकट 'शाहेद' म्हणून मोकळा होतो. त्याला तरी काय दोष द्यायचा? ढाचा तोच, पंख तेच, नाकात स्फोटकं भरायची जागाही तीच. फरक शेपटाकडे आहे. एकाला मागे फिरता पंखा असतो, दुसऱ्याला जेट इंजिन. पंख्याचं ते शाहेद-136, जेटचं ते शाहेद-238. मूळ दोन्ही इराणची. रशियाने त्यांचं बारसं करून गेरान-2 आणि गेरान-3 अशी नावं ठेवली. गेरान म्हणजे जिरेनियमचं फूल. शाहेद म्हणजे फारसीत साक्षीदार, आणि आपल्याकडचा 'शहीद' त्याच कुळातला असला तरी हा शब्द तो नव्हे. मराठीत दोन्हींची गल्लत होताना दिसते म्हणून सांगितलं.

आधी पंख्याचं बघू. वजन साधारण 200 किलो, इंजिन चार सिलिंडरचं टू-स्ट्रोक, 50 हॉर्सपॉवरच्या आसपास. हलक्या विमानांसाठी बनलेल्या एका जर्मन इंजिनाची ही इराणी नक्कल. वेग ताशी 185 किलोमीटर. पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर एखादी महागडी गाडी बेफाम सुटली तर गाठेल इतकाच. युक्रेनमध्ये लोक याला 'मोपेड' म्हणतात. ज्यांच्या वाड्यात पहाटे दूधवाल्याची लूना यायची त्यांना वेगळं समजावायला नको: आवाज आधी येतो, गाडी बऱ्याच वेळाने.

युक्रेनने नेमका हाच आवाज पकडला. देशभर खांबांवर सुमारे 10,000 मायक्रोफोन बसवले, एकेकाची किंमत 400-500 डॉलर. फटफट कुठून कुठे सरकतेय हे त्यावरून कळतं आणि वाटेतल्या पिकअप गाड्यांवरच्या मशीनगनवाल्यांना निरोप जातो. ताशी 185 म्हणजे मिनिटाला तीन किलोमीटर. निरोप आला, गाडी वळवली, सर्चलाइट लावला, एवढ्याला वेळ पुरतो.

आता जेटचं. युक्रेनच्या लष्करी गुप्तचर खात्याने 2025 मध्ये गेरान-3 चा वेग ताशी 370 किलोमीटरपर्यंत सांगितला. म्हणजे दुप्पट. कागदावर दुप्पट म्हणजे फार काही वाटत नाही, पण बंदुकीमागे उभं राहून बघा. किलोमीटरभर अंतरावर जड मशीनगनची गोळी पोचायला दीड सेकंदाच्या आसपास लागतो. तेवढ्यात मोपेड 75 मीटर पुढे सरकतं, जेट दीडशे. अंधारात, सर्चलाइटच्या झोतात, दीडशे मीटर पुढच्या रिकाम्या आकाशावर नेम धरायचा. हे कसबी माणसालाही जड जातं.

त्याहून मोठी पंचाईत पाठलाग करणाऱ्या ड्रोनची. शाहेदला धडकून पाडायला युक्रेनने छोटी, चार पंख्यांची, बॅटरीवरची ड्रोन काढली. 'स्टिंग' हे त्यातलं गाजलेलं. वेग ताशी 300 च्या थोडा पुढे, किंमत दोन-अडीच हजार डॉलर. मोपेड चार किलोमीटर पुढे असेल तर ताशी 115 च्या फरकाने हे दोन मिनिटांत त्याला गाठतं. हेच गणित जेटला लावा. दर मिनिटाला अंतर कमी व्हायच्या ऐवजी किलोमीटरभर वाढतं. पाठलाग संपला. मग उरतो एकच मार्ग, समोरून आडवं जायचं. पण समोरासमोर दोघांचे वेग जमा होतात, ताशी 670, सेकंदाला 186 मीटर. कॅमेऱ्यात लक्ष्य अर्धा किलोमीटरवर दिसलं, तर धडकेला उरतात जेमतेम पावणेतीन सेकंद. शिवाय ते नेमकं कोणत्या वाटेने येणार हे आधी कळायला हवं.

मग हे चार पंख्यांचं ड्रोनच आणखी वेगवान का करत नाहीत? करता येतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ल्यूक बेल आणि माइक बेल या मुलगा-बापाने 2024 मध्ये घरच्या खटपटीतून बनवलेलं ड्रोन ताशी 480 किलोमीटरने उडवून गिनीज विक्रम केला. पण असा वेग बॅटरी काही मिनिटांत पिऊन टाकतो. विक्रमाला ते चालतं. रात्रभर शहरावर पहारा देणाऱ्याला नाही.

इथवर वाचून जेटच सरस वाटेल, पण ते अर्धंच खरं. जेट इंजिन तापतं, आणि उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्राला तेच हवं असतं. मोपेडचं इंजिन त्यामानाने थंड, त्याच्यावर अशी क्षेपणास्त्रं सहज बसत नाहीत. रडारचंही तसंच. हळू हलणारं काहीही, म्हणजे पक्षी, हायवेवरचे ट्रक, रडार कचरा समजून गाळून टाकतं, आणि हळू, खालून उडणारं ड्रोन त्या कचऱ्यात लपू शकतं. वेगवान वस्तू त्यातून उठून दिसते. थोडक्यात मोपेड दिसायला अवघड, गाठायला सोपं. जेट दिसायला सोपं, गाठायला अवघड. वर जेटला इंधनाची तहान मोठी, त्यामुळे पल्ला घटतो. जॅमिंगपुरतं, म्हणजे रेडिओ लहरींनी ड्रोनची दिशा बिघडवण्यापुरतं, बोलायचं तर दोघांत फारसा फरक नाही.

खरी मेख पैशाची. मोपेड हजारो डॉलरचं, पण ते मशीनगनने किंवा स्वस्त ड्रोनने पडतं, हिशेब जुळतो. जेट मात्र बचाव करणाऱ्याला पुन्हा क्षेपणास्त्रांकडे ढकलतं, आणि पेट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेचं एक नवं क्षेपणास्त्र 40 लाख डॉलरच्या घरात, म्हणजे साधारण 35 कोटी रुपये. माझ्या मते जेट शाहेदचा खरा मारा बचाव करणाऱ्याच्या क्षेपणास्त्रांच्या कोठारावर आहे, शहरावर नंतर.

आपल्याकडे नागपूरच्या सोलर समूहाने 'भार्गवास्त्र' तयार केलंय. छोट्या ड्रोनच्या झुंडीवर सोडायचे हे लहान रॉकेट मे 2025 मध्ये ओडिशातल्या गोपाळपूरला चाचणीत यशस्वी ठरले. मारा अडीच किलोमीटरपर्यंत. हे जेटसाठी बनलेलंच नाही, हे मान्य. तरी कुतूहलापोटी आकडा काढून पाहिला: अडीच किलोमीटर पार करायला मोपेडला 49 सेकंद लागतात, गेरान-3 ला 24. ड्रोन आपलं की परकं हे ओळखणं, हुकूम मिळणं, पहिलं रॉकेट हुकलं तर दुसरं सोडणं, सगळं त्यातच.