सातारा-सांगलीत निर्वासिताला कामावर घेताना: कोण पात्र, कोणते कागद, अर्ज कुठे

निर्वासिताला खासगी नोकरी देणं बेकायदा नाही. त्याच्याजवळ कोणता कागद आहे आणि त्याची मुदत शिल्लक आहे का, यावर सगळं ठरतं. हे माहीत नसलं की मालक एक तर माणसाला दारातूनच परत पाठवतो, नाहीतर हजेरीपटावर नाव न घालता रोखीनं राबवून घेतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. चौकशी आली तर दोघेही अडकतात, आणि मजुरी बुडाली तरी कामगार तक्रार करायला धजत नाही.

निर्वासितांसंबंधीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. म्हणून सगळ्यांना चालेल असं एकच ओळखपत्र नसतं. माणूस कुठून आला, त्यावर कागद बदलतो. शिवाय १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचे चार जुने कायदे जाऊन त्यांच्या जागी 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा, २०२५' आला आहे. त्याआधीची माहितीपत्रकं हाताशी असतील तर त्यांच्यावर विसंबू नका.

कुणाला काम देता येतं

तिबेटी लोकांचं प्रकरण सर्वांत सोपं. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकायला येणारे तिबेटी सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे 'रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट' असतं, लोक त्याला आरसी म्हणतात. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणानुसार त्यांना व्यवसाय करता येतो आणि शिक्षणाप्रमाणे नर्सिंग, अध्यापन, इंजिनिअरिंगसारख्या नोकऱ्याही करता येतात. मिरजेच्या रुग्णालयांनी आणि पाचगणीच्या निवासी शाळांनी हे जरूर लक्षात घ्यावं. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी तर जन्मानंच भारतीय नागरिक ठरतात.

पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिश्चन लोकांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळू शकतो. बोलताना सगळे त्याला एलटीव्हीच म्हणतात. त्यावर पॅन, आधार, वाहन परवाना काढता येतो, बँकेत एनआरओ (अनिवासींसाठीचं रुपयातलं) खातं उघडता येतं. एक गोष्ट मात्र सुटते. एलटीव्हीधारकाला ठरलेल्या राज्यात फिरण्याची मोकळीक असते, पण राहण्याची जागा बदलायची तर परवानगी लागते. उल्हासनगरच्या पत्त्यावर एलटीव्ही असलेला माणूस विट्याच्या यंत्रमागावर घ्यायचा असेल, तर आधी ती परवानगी, मग नियुक्ती.

श्रीलंकेतून आलेले तमिळ निर्वासित बहुतेक तमिळनाडूत आहेत. आपल्याकडे कुणी आलाच तर त्याची नोंदणी आणि इथं राहण्याची परवानगी पाहावी.

उरलेल्यांकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं, म्हणजे यूएनएचसीआरचं कार्ड असतं. ते कार्ड ओळख सांगतं, नोकरीची परवानगी देत नाही. २०११ मध्ये ठरलेल्या आणि २०१९ मध्ये सुधारलेल्या पद्धतीप्रमाणे अशा व्यक्तीला एलटीव्हीसाठी दावा मांडता येतो. वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व किंवा राजकीय मतामुळे छळ होण्याची भीती प्रथमदर्शनी खरी वाटली, तर राज्य सरकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे शिफारस करतं. नुसती गरिबी हे कारण चालत नाही. एलटीव्ही मिळाला की खासगी नोकरी करता येते. तोवर कामावर घेऊ नका.

आधार कार्डावर तर कधीच थांबू नका. आधार म्हणजे नागरिकत्वाचा पुरावा नव्हे आणि कामाचा परवानाही नव्हे. वर्षाला १६.२५ लाख पगाराची अट ऐकून काही जण बिचकतात; ती एम्प्लॉयमेंट व्हिसावर येणाऱ्यांसाठी आहे, तिचा इथं संबंध नाही.

अर्ज आणि कागद

एलटीव्हीचा अर्ज मालकानं नाही, त्या व्यक्तीनंच करायचा असतो. तो एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या विभागीय कार्यालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरतात. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी करणारे अधिकारी म्हणजे पोलीस अधीक्षक, त्यामुळे पडताळणी सातारा किंवा सांगलीच्या अधीक्षक कार्यालयातूनच होते. पासपोर्ट, व्हिसा, फोटो आणि राहण्याचा पुरावा तयार ठेवावा. इथं मालकाची खरी मदत होते: फॉर्म भरायला कुणीतरी सोबत द्या, घरमालकाकडून भाडेकरार करून घ्यायला मदत करा, कार्यालयात जायचं असेल त्या दिवशी पगार कापू नका.

नेमणूक करताना आरसी किंवा एलटीव्हीचा मूळ कागद पाहा, छायाप्रत फाइलला लावा आणि मूळ कागद लगेच परत द्या. तो अडकवून ठेवण्याचा मालकाला अधिकार नाही. मुदत कधी संपते ते पगारपत्रक करणाऱ्याच्या डायरीत लिहा, म्हणजे नूतनीकरणाचा अर्ज वेळेत जाईल. शंका असेल तर अधीक्षक कार्यालयाला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. लेखी नियुक्तीपत्र द्या, पगार बँकेतून करा. किमान वेतन, कामाचे तास, ओव्हरटाइम हे सगळं इतर कामगारांसारखंच लागू होतं. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असलेल्या ठिकाणी पगार २१,००० पर्यंत असेल तर त्याचीही नोंद करा.

पीएफमध्ये गफलत होते. परदेशी नागरिकाला 'इंटरनॅशनल वर्कर' धरलं जातं आणि त्याला १५,००० ची वेतनमर्यादा लागत नाही, वर्गणी पूर्ण पगारावर बसते. यावर उच्च न्यायालयांत वाद झाले आहेत, म्हणून पगार ठरवण्याआधीच पीएफ कार्यालयाकडून लेखी घ्या. परदेशी पाहुण्याची माहिती कळवण्याचा 'सी फॉर्म' महाबळेश्वरच्या हॉटेलवाल्यांना माहीत आहे. परदेशी व्यक्तीला क्वार्टरमध्ये ठेवणार असाल तर तशीच माहिती २४ तासांत ऑनलाइन कळवावी लागते.

मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावरच्या वळिवड्यात दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते. ते गेल्यावर त्याच छावणीत फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर उभं राहिलं. सांगली-साताऱ्याचे कितीतरी कापड दुकानदार आज तिथून माल भरतात. निर्वासित म्हणजे बोजा, असं म्हणणाऱ्यानं त्या बाजारात एक चक्कर मारावी.

नागरिकत्व सुधारणा कायद्याखाली अर्ज करणाऱ्यांची वाट वेगळी आहे. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आलेल्या, वर सांगितलेल्या तीन देशांतल्या सहा समाजांतल्या व्यक्ती ऑनलाइन अर्ज करतात. जिल्हा समितीचं अध्यक्षपद डाक अधीक्षकाकडे असतं. मूळ देशाचा एक पुरावा, मुदत संपलेला पासपोर्टही चालतो, आणि त्या तारखेआधी आल्याचा एक पुरावा लागतो. प्रमाणपत्र हातात आलं की तो कामगार तुमच्या इतर कामगारांसारखाच भारतीय. मग एनआरओ खातं साध्या खात्यात बदलून घ्यायचं आणि पीएफची नोंदही दुरुस्त करायची.