अण्वस्त्र निःशस्त्रीकरण : जनजागृती आणि आंतरराष्ट्रीय प्रयत्न

नवी अण्वस्त्रे बनू न देणे, असलेली घटवत नेणे आणि शेवटी एकही शिल्लक न ठेवणे यासाठी १९४५ नंतर जगभर उभी राहिलेली लोकचळवळ आणि तिच्या जोडीने झालेले आंतरराष्ट्रीय करार. शीतयुद्धाच्या काळात, १९८६ च्या सुमारास, जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती. आज ती सुमारे १२,००० आहेत. नऊ देशांकडे मिळून असलेल्या या साठ्यातील जवळजवळ नव्वद टक्के एकट्या रशिया आणि अमेरिकेकडे आहे. या घटीचे श्रेय बहुधा मुत्सद्द्यांना दिले जाते. पण करारांच्या तारखा आणि लोकक्षोभाच्या तारखा शेजारी मांडल्या, की वेगळे चित्र दिसते. किरणोत्सर्गाने माणसाच्या शरीराचे काय होते हे लोकांना जेव्हा जेव्हा उमगले, तेव्हा तेव्हा सरकारांना हलावे लागले. ते नजरेआड झाले, की वाटाघाटीही रेंगाळल्या.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा अगदी पहिला ठराव याच विषयावर होता. २४ जानेवारी १९४६ रोजी लंडनमध्ये संमत झालेल्या त्या ठरावाने राष्ट्रांच्या शस्त्रसाठ्यांतून अण्वस्त्रे काढून टाकण्याच्या सूचना करण्यासाठी एक आयोग नेमला. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या परस्पर अविश्वासात त्याचे काम बुडाले, आणि १९४९ मध्ये सोव्हिएत संघानेही अणुबाँबची चाचणी केली. हिरोशिमा-नागासाकीत होरपळलेल्यांचे, म्हणजे हिबाकुशांचे, हाल तर जगापर्यंत पोचलेच नव्हते. जपान ताब्यात असताना अमेरिकी प्रशासनाने त्यासंबंधीच्या बातम्या आणि छायाचित्रांवर कडक नियंत्रण ठेवले होते.

लोकांचे डोळे उघडले ते १ मार्च १९५४ च्या स्फोटाने. प्रशांत महासागरातील बिकिनी कंकणद्वीपावर अमेरिकेने केलेला तो हायड्रोजन बाँबचा स्फोट शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या अडीच पट निघाला. त्याची शक्ती १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरील बाँबच्या सुमारे हजार पट होती. धोक्याचे म्हणून जाहीर केलेल्या हद्दीच्या बाहेर मासेमारी करणाऱ्या ‘दाइगो फुकुर्‍यू मारू’ या जपानी नौकेवर पांढरी किरणोत्सारी राख कित्येक तास पडत राहिली. नौकेवरचे सगळे २३ जण आजारी पडले आणि तिचा बिनतारी संदेशचालक सप्टेंबरमध्ये दगावला. बिकिनीजवळच्या रोंगेलाप बेटावरच्या लोकांना तेथून हलवायला दोन दिवस लागले. तोवर त्यांच्या अंगावर, पाण्यात, अन्नात ती राख मिसळली होती.

पकडून आणलेले ट्यूना मासे किरणोत्सारी निघाल्यावर जपानच्या बाजारात मासे कोणी घेईना. टोकियोच्या सुगिनामी भागातील मासेविक्रेत्यांनी आणि गृहिणींनी हायड्रोजन बाँबविरोधी सह्यांची मोहीम सुरू केली, आणि १९५५ च्या ऑगस्टपर्यंत देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या गोळा झाल्या. जपानमधल्या दर तीन माणसांमागे एकाची सही, असे हे प्रमाण होते. अणुयुगातील खऱ्या अर्थाने पहिली लोकचळवळ हीच म्हणावी लागेल. तिच्या आधाराने हिबाकुशांना बोलण्याचे बळ आले आणि १९५६ मध्ये त्यांची ‘निहोन हिदानक्यो’ ही संघटना स्थापन झाली. त्याच स्फोटानंतर, २ एप्रिल १९५४ रोजी, जवाहरलाल नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याचा करार व्हावा अशी मागणी केली. पुढच्या वर्षी अण्वस्त्रांच्या धोक्याचा इशारा देणारा रसेल-आइन्स्टाइन जाहीरनामा निघाला, त्यातून १९५७ मध्ये शास्त्रज्ञांच्या पगवॉश परिषदा सुरू झाल्या, आणि १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये लंडन ते ऑल्डरमास्टनचे अण्वस्त्र संशोधन केंद्र अशी पहिली मोठी पदयात्रा निघाली.

अमेरिकेत हीच जाणीव दुधाच्या दातांनी घरोघरी पोचवली. स्फोटांतून वातावरणात गेलेले स्ट्राँशियम-९० पावसाबरोबर गवतावर उतरते, गाईच्या दुधात येते आणि कॅल्शियमशी साधर्म्य असल्याने मुलांच्या हाडांत व दातांत जाऊन बसते. सेंट लुइस शहरातील डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि मातांनी १९५८ च्या अखेरीस मुलांचे पडलेले दात गोळा करायला सुरुवात केली. दात देणाऱ्या मुलाला ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असे लिहिलेला बिल्ला मिळे. तीन लाखांहून अधिक दात जमले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीपासून जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्राँशियम-९० चे प्रमाण वर्षागणिक चढत गेल्याचे १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. त्याआधी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी ११,००० हून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांचे चाचणीविरोधी निवेदन संयुक्त राष्ट्रांना दिले होते. पण कोणत्याही आईला आपल्या मुलाच्या दातापेक्षा वेगळा पुरावा लागत नव्हता. १ नोव्हेंबर १९६१ रोजी अमेरिकेच्या अनेक शहरांत हजारो स्त्रिया चाचण्यांच्या विरोधात रस्त्यावर आल्या.

क्यूबाच्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगाने जग युद्धाच्या कडेला नेल्यानंतर, ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अंशतः अणुचाचणीबंदी करारावर सह्या झाल्या. वातावरण, अंतराळ आणि पाण्याखालील स्फोट बंद झाले. पुढे जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्राँशियम उतरत गेले, म्हणजे कराराने सांगितलेले काम केले. पण भूमिगत चाचण्यांना त्यात मुभा होती, आणि त्या जोमाने चालू राहिल्या. दुधातले विष गेले तसा लोकांचा रेटाही ओसरला. अण्वस्त्रांची संख्या मात्र पुढची दोन दशके फुगतच राहिली. या विजयाचे मोल मानतानाही हे नमूद करावेच लागते.

१९७० मध्ये अमलात आलेला अण्वस्त्रप्रसारबंदी करार आज जगातील बहुतेक सर्व देशांनी स्वीकारलेला आहे. १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेल्या पाच देशांना अण्वस्त्रधारी मानायचे, बाकीच्यांनी अण्वस्त्रे घ्यायची नाहीत, आणि बदल्यात सहाव्या कलमानुसार निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी सद्‌भावनेने करायच्या, असा हा सौदा आहे. सौद्याची दुसरी बाजू अर्धवटच पाळली गेली. हा भेदभाव मान्य नसल्याने भारत त्यात सामील झाला नाही. १९८८ मध्ये राजीव गांधींनी आमसभेपुढे २०१० पर्यंत अण्वस्त्रमुक्तीचा टप्प्याटप्प्याचा आराखडा मांडला. तरीही दहा वर्षांनी भारताने आणि पाठोपाठ पाकिस्तानने चाचण्या केल्या.

दुसरी लाट ऐंशीच्या दशकातली. १२ जून १९८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा लाख लोक जमले, आणि १९८० मध्ये अमेरिकी व सोव्हिएत डॉक्टरांनी स्थापलेल्या संघटनेने अणुयुद्धानंतर वैद्यकीय मदत देणे शक्यच नाही हे ठासून सांगितले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील १९८७ च्या मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या कराराने २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. २०१९ मध्ये तो करार संपुष्टात आला.

कझाकस्तानातील सेमिपालातिन्स्क या सोव्हिएत अणुचाचणी क्षेत्राची कहाणी त्याहून कमी सांगितली जाते, आणि ती जास्त सांगायला हवी. तेथे १९४९ पासून ४५६ चाचण्या झाल्या. भोवतालच्या गावांतली आजारपणे सरकारी गुपित होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये भूमिगत स्फोटातून किरणोत्सारी वायू बाहेर पडला. कवी ओल्झास सुलेमेनोव्ह यांनी दूरचित्रवाणीवर कविता वाचण्याऐवजी त्याविषयी निवेदन वाचले आणि ‘नेवाडा-सेमिपालातिन्स्क’ चळवळ उभी राहिली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर तेथे एकही चाचणी झाली नाही, आणि २९ ऑगस्ट १९९१ रोजी ते क्षेत्र कायमचे बंद करण्यात आले. स्वतंत्र कझाकस्तानने आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रेही पुढे रशियाला परत केली. स्वतः बनवलेले सहा बाँब मोडून टाकणारा देश मात्र दक्षिण आफ्रिका हा एकच.

१९९६ च्या सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराला आवश्यक ती सर्व राष्ट्रे संमती देत नसल्याने तो अद्याप अमलात नाही; तरी त्याच्या जागतिक मोजणी केंद्रांच्या जाळ्यामुळे गुपचूप स्फोट करणे अवघड झाले आहे. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे मानवतावादी कायद्याच्या विरुद्ध ठरेल असे मत दिले, पण राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असता काय, हा प्रश्न मोकळा सोडला.

ही फट बुजवण्याच्या प्रयत्नातून २०१३-१४ मध्ये ओस्लो, नायारित आणि व्हिएन्ना येथे अण्वस्त्रांच्या मानवी परिणामांवर परिषदा झाल्या. ७ जुलै २०१७ रोजी १२२ देशांच्या मतांनी अण्वस्त्रबंदी करार संमत झाला व २२ जानेवारी २०२१ पासून तो लागू आहे. सत्तरहून अधिक देश त्यात सामील आहेत. नऊ अण्वस्त्रधारी देशांपैकी एकही नाही. त्यासाठी झटलेल्या ‘आयकॅन’ या अण्वस्त्रविरोधी आंतरराष्ट्रीय मोहिमेला २०१७ चे आणि निहोन हिदानक्योला २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. या अण्वस्त्रबंदी कराराच्या सहाव्या कलमाने अण्वस्त्रांचा वापर व चाचण्यांनी बाधित झालेल्यांना वैद्यकीय मदत व पुनर्वसन देणे आणि दूषित भूमी पूर्ववत करण्यासाठी पावले उचलणे हे सदस्य देशांचे कर्तव्य ठरवले आहे. या कलमाच्या अंमलबजावणीसाठी आणि पीडितांच्या साहाय्यनिधीसाठी आज कझाकस्तान आणि किरिबाती हे चाचण्या सोसलेले दोन देश पुढाकार घेत आहेत.