सोत्सास म्हणजे नुसतं मेम्फिस नव्हे

एत्तोरे सोत्सास या इटालियन डिझायनरबद्दल एक समज घट्ट बसलाय: मिलानच्या तरुण बंडखोरांपैकी एक, आयुष्यभर रंगीबेरंगी, वेडंवाकडं फर्निचर करणारा. त्याला कारण 'मेम्फिस' या मिलानच्या डिझायनर-गटासाठी केलेलं 1981 चं 'कार्लटन'. कपाट म्हणावं की पार्टिशन, कळत नाही. फळ्या तिरक्या, अंगावर लॅमिनेट, म्हणजे आपण ज्याला सरसकट सनमायका म्हणतो ते.

पण हिशोब करा. जन्म 1917 चा, इन्सब्रुकचा. डिसेंबर 1980 मध्ये मिलानच्या त्यांच्या घरी मेम्फिस गटाची पहिली बैठक झाली, तेव्हा त्यांचं वय 63. आपल्याकडे या वयात निवृत्तीचा सत्कारही उरकलेला असतो! तरुण होते ते भोवतालचे बाकीचे. आणि 1985 मध्ये सोत्सास तिथून बाहेरही पडले.

खरी कारकीर्द त्याआधीची. 1939 मध्ये तुरीनला आर्किटेक्चरची पदवी घेतली, पुढे बरीच वर्षं ऑलिव्हेट्टी या टाइपरायटर आणि संगणक बनवणाऱ्या इटालियन कंपनीसाठी काम केलं. 'एलेआ 9003' या अवाढव्य संगणकाला रूप दिलं ते यांनीच. 1969 चा 'व्हॅलेंटाइन' टाइपरायटर डिझायनर पेरी किंग यांच्यासोबतचा: लालभडक प्लॅस्टिक, रिबिनीच्या चकत्यांवर नारिंगी टोप्या. गंमत त्याच्या मुठीत आहे. ती टाइपरायटर नेण्याच्या पेटीला नाही, यंत्राच्याच पाठीला जोडलेली. यंत्र पेटीत सरकवलं की पाठच झाकण होते, वर दोन रबरी पट्टे अडकवायचे आणि निघायचं.

1961 ची भारतयात्रा, सिरॅमिक्स, काच, दागिने हे वेगळंच. मेम्फिसची जेमतेम पाच वर्षं. 2007 मध्ये गेले तोवर काम चालूच होतं.